चार बोटांचा खड्डा

प्रिय एर्मेक,

'प्रिय' एवढं लिहिलं आणि पेन ठेवून चहा करायला उठले. चहा पिऊन झाला तरी राग तसाच आहे, म्हणून आता रागातच लिहिते. फोन करणार नाही. फोनवर तू "हो आपा, बरं आपा" म्हणतोस, मागे गॅरेजात कोणीतरी हातोडा मारत असतो आणि तू ऐकलंस की नाही ते मला कळत नाही. मीरिमला सांग, हे पत्र आधी तू वाचायचंस, तिने नंतर. सून चांगली आहे, पण निरोप फार गोड करून सांगते. काल तिचा निरोप आला की शनिवारी तू बंदूक घेऊन येणार, आकतोशला जर्दाळूच्या बागेमागे नेणार, आणि मी तेवढा वेळ शेजारी सुयुमकानकडे जाऊन बसायचं, म्हणजे मला बघावं लागणार नाही. किती काळजी रे माझी! मी कुठेही जाणार नाही. फाटकात उभी राहीन. त्या कुत्र्यापर्यंत पोचायला तुला आधी आईला हाताने बाजूला करावं लागेल. जमत असेल तर ये.

गेल्या मंगळवारी माझ्या अंगणात काय झालं ते तुला माहीत आहे, कारण तू तिथे होतास. तरी सांगते, कारण तू हल्ली असून नसल्यासारखा असतोस. मी तोनला मयताला गेले होते. सुयुमकानने कुंपणावरून सगळं पाहिलं. तुर्दाकुनकाका बिश्केकचे दोन पाहुणे घेऊन आला, एकाच्या पायात पांढरे बूट. त्यांना ताइगान जातीचा शिकारी कुत्रा कोल्ह्यामागे कसा पळतो ते बघायचं होतं. काकाकडे स्वतःचा कुत्रा नाही, पण भावाचा कुत्रा म्हणजे आपलाच, असं त्याचं गणित. त्याने आकतोशच्या कमरेवर हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाला, "हे बघा, दोन हाडांच्या मधे चार बोटं आरामात बसतात. आणि खड्डा बघा! वाटीभर पाणी राहील. आमच्याकडे कुत्रा असा वाळला की समजायचं, शिकारीला तयार." पांढऱ्या बुटांचा म्हणाला, "पण हा जरा लंगडतोय का?" त्यावर काका हसला. "पळायला लागला की लंगडणं विसरेल. वहिनीने त्याला म्हातारी करून ठेवलंय."

चार बोटांचं माप मी काही खोटं म्हणत नाही. तुझ्या वडिलांनीही आयुष्यभर तसंच पाहिलं. धडधाकट कुत्र्याला शरद ऋतूत कमी खायला घालायचं, घोड्याबरोबर लांब चालवायचं, चरबी झडली की कमरेवर खड्डा पडतो आणि मग तो वाऱ्यासारखा पळतो. पण जो कुत्रा चार महिने मागच्या पायांवर उभा राहिला नाही त्याच्या कमरेवरही खड्डाच पडतो. वरून दोन्ही सारखे दिसतात. चरबी गेली की मांस गेलं, हे बोटांना कळत नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी त्याच्या दोन्ही मांड्यांना दोरा गुंडाळते आणि वहीत लिहिते. डावी मांडी अजून उजवीपेक्षा दोन बोटं बारीक आहे. काकाने विचारलं असतं तर वही दाखवली असती. पण काका बाईला कशाला विचारेल?

काकाचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो जुना आहे, त्याची सवय झालीय. राग तुझा आहे. डॉक्टरीणबाईंचा कागद दाराशेजारी लावलाय. त्यावर लाल पेनाने लिहिलंय, नवीन वर्षापर्यंत पळणं नाही, उडी नाही, मोकळं सोडणं नाही. तो कागद खिळा ठोकून लावला कोणी? तूच लावलास, ऑगस्टमध्ये. वाचून म्हणालास, "हे तर आपा, सैन्यापेक्षा कडक आहे." म्हणजे तुला ठाऊक होतं. सुयुमकान सांगते, "एर्मेकने एकदा तोंड उघडलं, काकाकडे पाहिलं, मग मिटलं. आणि गाडीचं दार त्यानेच उघडून धरलं." एर्मेक, लहानपणी तुझं तोंड बंद करायला त्यात तळलेले बोरसोक कोंबावे लागायचे. मुल्लाशी वाद घातलास, मास्तरांशी घातलास, घोडा विकायला आलेल्या माणसाला घोड्याच्या दातांवरून रडवलंस. आणि त्या दिवशी एक वाक्य निघालं नाही? "काका, याला पळवायचं नाही." एवढंच. मोजून चार शब्द.

ताइगानला कोल्हा दिसला की त्याला स्वतःचे पाय आठवत नाहीत. दोष त्याचा नाही. अर्धा उतार पळाला म्हणे, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग उजवा गुडघा गेला. चांगला पाय. जो इतके महिने दोघांचं ओझं वाहत होता तोच. तुम्ही त्याला गाडीच्या मागच्या डब्यात घालून आणलंत, ताज्या सोललेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, चारही पाय बांधून, हलू नये म्हणून. मी परत आले तेव्हा तो ओसरीवर तसाच पडला होता आणि तुम्ही गेला होतात. दोऱ्या मी कापल्या. कातडं इतकं आवळलं होतं की पंजे गार पडले होते. आपल्याकडे सगळ्याला हाच एक उपाय: गुंडाळा, बांधा, निजवा.

फेब्रुवारीतही तू बंदुकीचंच बोललास. तो कड्यावरून पडला होता, मागचं धड लोंबत होतं. तू दारात उभा राहून म्हणालास, "आपा, याला छळू नकोस." मी दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या गाडीत त्याला घालून काराकोलला नेलं. तिथली ती बेगिमाय, तू पाहिली आहेस, कापलेले केस, बाह्या वर केलेल्या, माझ्या नातीच्या वयाची. तिने चिमट्याने त्याच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. आकतोशने मान वळवून तिच्याकडे दात दाखवले. ती टाळी वाजवून म्हणाली, "दुखतंय! वा, शाब्बास, दुखतंय!" मला वाटलं पोरगी वेडी आहे. मग तिने समजावलं की मणका तुटलेला नाही, आतल्या दोरीला मार बसलाय, दुखणं पोचतंय म्हणजे रस्ता पूर्ण बंद नाही. मी विचारलं, किती दिवसांत चालेल? म्हणाली, "आपा, मी डॉक्टर आहे. एकेचाळीस दाणे मांडून भविष्य सांगणारी नाही. तुम्ही दिवसातून किती वेळा त्याचे पाय हलवाल ते सांगा, मग मी अंदाज सांगते." मी म्हटलं, तू म्हणशील तितक्या वेळा. ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात येत नाहीत."

मी गेले. तिसऱ्या आठवड्यातही गेले आणि तेराव्यातही. दर तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडी सडते. मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायचं. तेही शिकले, लाजायचं काय त्यात. मग एकेक पाय हातात घेऊन दुमडायचा, सरळ करायचा, सायकल चालवल्यासारखा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बोटांच्या मधे गुदगुल्या करायच्या, पाय आपणहून मागे ओढतो का बघायचं. पोटाखालून टॉवेल घालून उभं करायचं, आधी मोजून दहा आकडे, मग वीस. आपोआप उभा आहे असं त्याला वाटलं पाहिजे, म्हणून टॉवेल हळूच ढिला सोडायचा आणि पडायच्या आत पुन्हा धरायचा. माझ्या खांद्याची काय दशा झाली ते विचारू नकोस. एप्रिलमध्ये मी कोठारातून तंबूच्या छताच्या काठ्या काढल्या आणि अंगणात विटांवर वीतभर उंचीने आडव्या मांडल्या, त्यावरून त्याला एकेक पाऊल उचलून टाकायला लावलं. गावाला तमाशाच मिळाला. दुकानवाला म्हणाला, "कालिपा, कुत्र्याला नाच शिकवतेस का? पोरीच्या लग्नाला आणशील?" मी म्हटलं, तुझ्या पोरीपेक्षा ताल बरा आहे याचा. काका म्हणाला, छताच्या काठ्या जमिनीवर मांडणं अशुभ. मी म्हटलं, छत कोसळलंय माझं, आता काठ्यांचं काय घेऊन बसलास?

जूनमध्ये सरोवराचं पाणी जरा कोमट झालं, म्हणजे हाडं फोडायचं थांबलं. तुझ्या वडिलांचे मासेमारीचे रबरी बूट घालून मी त्याला छातीभर पाण्यात नेलं. पाणी वजन उचलतं, बेगिमायने सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. टॉवेल माझ्या हातात एकदम हलका झाला. खाली पाहिलं तर त्याचे मागचे पाय चालत होते. वेडेवाकडे, एक पुढे एक आडवा, पण कोणी न हलवता. किनाऱ्यावर बसलेली रशियन म्हातारी उभी राहून ओरडली, "बाई, चालतोय तो!" जशी काही मी आंधळी. मी पाण्यात उभी राहून तिला शिव्या दिल्या, का ते मला आजही सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये तो फाटकापर्यंत एकटा चालला आणि कुंपणावर पाय वर करून मुतला, तेव्हा तू होतास. तू हसलास. वर्षभरात पहिल्यांदा हसलास माझ्या अंगणात.

आता जे लिहायचंय ते टाळत टाळत इथवर आले.

तुला माहीत आहे मी शाळा सातवीत सोडली आणि पुढचं सगळं ग्रंथालयाची फरशी पुसता पुसता वाचलं. बेगिमायने दिलेले कागद रशियनमध्ये होते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले, सुयुमकानचा नातू पाढे पाठ करतो तशी स्नायूंची नावं पाठ केली. एप्रिलमध्येच एका पानावर आलं की पडून राहणं ही विश्रांती नाही, तो स्वतःच एक आजार आहे. पडलेल्याची मांडी दहा दिवसांत झिजायला लागते. छाती पूर्ण भरत नाही, फुप्फुसात पाणी साठतं, आणि पुष्कळ जनावरं मूळ दुखापतीने मरत नाहीत, पडून राहिल्याने मरतात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. चुकीचा अर्थ लावत असेन म्हणून शब्दकोशात एकेक शब्द पुन्हा पाहिला. मग बेगिमायला विचारलं, माणसांनाही हेच? ती बाटलीत औषध भरत होती, वर न बघता म्हणाली, "माणसांना तर जास्तच, आपा. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी उभं करतात." मी म्हटलं, अच्छा. आणि घरी आले. त्या दिवशी आकतोशचे पाय मी एकदाच हलवले.

गेल्या वर्षी जुलैत तुझे वडील घोड्यावरून पडले, खुबा मोडला, दवाखान्यात हाड बसवलं. तिथल्या सर्जननेही हेच सांगितलं होतं, उद्यापासून चालवा. मी ऐकलं होतं. तुर्दाकुनने ऐकलं होतं. पण शिकारी आसानकुल, ज्याच्या अंगणात पाच गावांचे लोक समाचाराला येणार, तो पाहुण्यांसमोर लोखंडी चौकट धरून मुलासारखा पावलं टाकणार? आम्ही सात गाद्या रचल्या, मानाच्या जागी, आणि त्यांना वर निजवलं. रोज लोक आले. मेंढ्या कापल्या, रस्सा भरवला, उशा उचलून दिल्या. अंगावरची माशीसुद्धा मी त्यांना हाकलू दिली नाही. त्यालाच मी प्रेम समजत होते. तू बिश्केकहून ती चौकट आणलीस. तीन दिवस त्यांना उभं केलंस. ते ओरडले, तुला नको ते बोलले, घाम फुटला. तिसऱ्या दिवशी ते दारापर्यंत गेले. दारापर्यंत, एर्मेक! आणि तेव्हाच पाहुणे आले, आणि काका म्हणाला, "बाप आहे की अस्वल, नाचवतोस त्याला?" आणि मी काय केलं? काकाला गप्प केलं नाही. चौकट तुझ्या हातून ओढून घेतली आणि गोठ्यात टाकली. तुला म्हटलं, "बापाला छळतोस. चालता हो." तू बाल्यकचीला निघून गेलास. चौकटीवर कोंबड्या बसायला लागल्या. नोव्हेंबरात त्यांची छाती भरली आणि ते गेले.

त्यानंतरचं तर तुला तोंडपाठ असेल. तंबूत भिंतीकडे तोंड करून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी कोशोक गायले. विधवेने गायचंच असतं, आणि विलापात विधवा जे बोलते ते खरंच धरलं जातं, तिला कोणी अडवत नाही. मी गायले:

"माझ्या गरुडाला टेकू दिलं नाही,
जखमी पंखांनी उडवलं त्याला,
परक्याने नाही, पोटच्या पोराने."

तीन दिवस गायले, चांगल्या आवाजात. तू बाहेर कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, आलेल्यांना रडत सामोरा जात होतास, आणि प्रत्येक जण आत जाऊन ते ऐकून बाहेर येत होता. दुकानात आजही बायका ते गुणगुणतात. कबरीवर माती टाकताना लोक तुझ्यापासून वीतभर लांब उभे होते ते माझ्या कानावर आलं होतं. मी एकदाही म्हणाले नाही की थांबा, असं नाही.

फेब्रुवारीत तू दारात म्हणालास, "याला छळू नकोस." मला वाटलं पोरगा निर्दय झाला. मूर्ख बाई मी. ते शब्द माझेच होते. पडलेल्याला उभं करणं म्हणजे त्याला मारणं, हे तुला सगळ्या गावासमोर गाऊन शिकवलं कोणी? मोठ्यांसमोर बोललास तर काय होतं, ते दाखवलं कोणी? आणि मंगळवारी तू दार उघडून धरलंस म्हणून आठ दिवस मी तुला शिव्या घालतेय. तुझ्यावरचा राग खोटा नाही, तो राहीलच. तू बोलायला हवं होतंस. पण त्याच्या मुळाशी जायचं तर मी माझ्याच गादीपाशी पोचते. आणि एप्रिलपासून मला हे माहीत आहे. सहा महिने मी कुत्र्याच्या पायाला दोरा गुंडाळत बसले आणि तुला एक शब्द बोलले नाही. कारण कुत्रा चालायला लागला तर माझं फिटेल असं मला वाटत होतं. तो चालला. काही फिटलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षाचं जेवण आहे. त्या दिवशी मी दुखवट्याचे काळे कपडे उतरवून पांढरा रुमाल बांधणार आणि त्याआधी शेवटचं कोशोक गाणार. सगळ्या बायका त्या तीन ओळींची वाट बघत बसतील. मी दुसऱ्या रचल्या आहेत. त्यात तुझं नाव आहे आणि माझंही आहे, आणि काकाला त्या आवडणार नाहीत. पण ते गावासाठी. गावाबरोबर तुला पहिल्यांदा कळावं हे मला नको होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. तू तुझ्या वडिलांना मारलं नाहीस. तू त्यांना दारापर्यंत नेलंस, मी त्यांना परत आणून निजवलं. आता शनिवारचं ऐक. बेगिमायने गुडघा पाहिला, हाडं बांधून ठेवणारा आतला बंध तुटलाय, पण ती म्हणते की खेळ संपलेला नाही, पहिल्यापासून मांडायचा आहे एवढंच. दहा वाजता काराकोलला बोलावलंय. आकतोश बत्तीस किलोचा आहे आणि माझा खांदा आता वर जात नाही, तेव्हा सात वाजता गाडी घेऊन ये, मागची सीट आडवी करून. वाटेत तीन तास मिळतील. गप्प बसू नकोस. वर्षभराचं जे काही साचलंय ते मला तोंडावर बोल, ओरड, हवं तर गाडी थांबवून ओरड. मी ऐकून घेईन. उलट उत्तर देणार नाही असं वचन मात्र देत नाही.

तुझीच,
आपा